तेवीस तास, तीस मिनिटं

चौदा मार्चला सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी वेंडेलनं मला अगदी सहज विचारलं, "डार्ला, तुझ्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण झालं ना?" आणि मीही तितक्याच सहजपणे "म्हणजे काय, केव्हाच" असं सांगून मोकळी झाले. मी बावीस वर्षं ९११चे, म्हणजे आणीबाणीचे, फोन घेतेय. माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या आवाजात काय फरक पडतो, ते मला फोनवरून कळतं. तो फरक त्या दिवशी मला माझ्याच आवाजात ऐकू आला.

वेंडेल आमचा साहेब. शेरीफच्या कचेरीत मागच्या बाजूला एक बिनखिडक्यांची खोली आहे. तिथे आम्ही चौघं पाळीपाळीनं बसून अख्ख्या काउंटीचे फोन घेतो. आगी, अपघात, छातीतल्या कळा, हमरस्त्यावर येऊन बसलेल्या गायी, सगळं आमच्याकडे. फोन घ्यायचा, छापील प्रश्न क्रमानं विचारायचे, गाडी धाडायची आणि ती पोचेपर्यंत समोरच्याला धीर देत काय करायचं ते सांगत राहायचं. दिवसपाळीचा आवाज माझा. दाराकडे तोंड असलेली खुर्ची माझी, आणि तिच्यावरची निळी लोकरीची उशीही मीच विणलेली.

खुर्चीत बसून मी नूतनीकरणाचं पत्र शोधायला घेतलं. ते जानेवारीतच आलं होतं आणि ईमेलच्या कचऱ्यात, पन्हळी साफ करून देणाऱ्याच्या जाहिरातीखाली पडलं होतं. नियम अगदी सोपे होते. सोप्या नियमांची मला भीती वाटते, कारण त्यांत पळवाट नसते. दोन वर्षांत चोवीस तास शिक्षण झालेलं हवं. पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा. आणि सीपीआरचं, म्हणजे छाती दाबून माणूस जगवण्याचं कार्ड मुदतीतलं हवं. सगळे कागद एकतीस मार्चला संध्याकाळी पाचच्या आत. माझं सीपीआरचं कार्ड फेब्रुवारीत संपलेलं होतं.

मी वेंडेलकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. बावीस वर्षांचा अनुभव, तेव्हा एखादा आठवडा मागेपुढे चालेल, अशी माझी समजूत.

वेंडेलनं चष्मा काढून पुसला. तो वाईट बातमी देण्याआधी नेहमी चष्मा पुसतो. "पाचच्या पुढे एक मिनिट झालं तरी प्रमाणपत्र रद्द, डार्ला. एक तारखेपासून तू त्या खुर्चीत बसू शकणार नाहीस. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. तीन महिने शिकाऊ म्हणून कुणाच्या तरी शेजारी बसायचं."

"कुणाच्या शेजारी?"

"दिवसपाळीला दुसरं कोण आहे? कायलीच्या."

कायली चोवीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी मीच तिला शिकवलं. पत्ता आधी विचार, नाव नंतर. लोक रडोत, ओरडोत, ओळखीचे निघोत, प्रश्नांचा क्रम सोडायचा नाही, हे मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. आता गळ्यात नारिंगी रंगाचं 'शिकाऊ' असं कार्ड अडकवून मी तिच्या बाजूला स्टुलावर बसायचं, आणि माझ्या उशीवर कायली. त्याच क्षणी मी ठरवलं की आभाळ कोसळलं तरी एकतीस तारखेच्या आत हे कागद जाणार. आमच्याकडे मार्चमध्ये आभाळ अधूनमधून कोसळतंच, तेव्हा हा निश्चय साधासुधा नव्हता.

लेखी परीक्षा मी त्याच दुपारी उरकली. पन्नासात पन्नास. 'घशात घास अडकलेल्या व्यक्तीजवळ असलेल्या माणसाला प्रथम काय करायला सांगाल?' या प्रश्नाला तर पर्याय न वाचताच उत्तर दिलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे संबंध येणार आहे.

तासांचीही मला काळजी नव्हती. चोवीसच्या चोवीस भरले होते. ते नूतनीकरण कार्यालयाला कळवलं, तर चौथ्या दिवशी उत्तर आलं की वीसच धरले जातील. मी फोन केला. पलीकडची बाई इतक्या शांत आवाजात बोलत होती की हिला आमच्या खोलीत घ्यायला हवी असं मला वाटून गेलं.

"मॅडम, तुम्ही 'ताणतणावांचं नियोजन' या एकाच विषयाचे बारा तास केलेत. एका विषयाचे आठच धरतात."

"पण मी बारा तास बसले होते ना तिथे!"

खरं म्हणजे तळ्याकाठच्या त्या हॉटेलात वर्गासोबत जेवण असायचं आणि त्यांचं जंगली तांदळाचं सूप फार चांगलं असतं, म्हणून मी तीनदा गेले होते. पण हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"बसला असाल मॅडम, पण ताणाचे आठच."

"मग उरलेल्या चार तासांचा ताण मी कुठे नेऊन ठेवू?"

"तुम्हाला ताण येत असेल मॅडम, तर आमचा त्यावर एक चांगला वर्ग आहे."

मी फोन ठेवला. बावीस वर्षांत मी कुणाच्या तोंडावर फोन आपटला नव्हता, तो आजही आपटला नाही. हळूच ठेवला आणि मग टेबलावर मूठ आपटली.

चार तास मिळवायचा उपाय नियमांतच होता. रुग्णवाहिकेत बसून कामाचं निरीक्षण केलं तर तासाला तास मिळतो. आमची रुग्णवाहिका स्वयंसेवक चालवतात, सगळे ओळखीचे. शनिवारी सकाळी मी डबा घेऊन त्यांच्या गॅरेजात हजर झाले. आणि माझ्या नशिबानं काउंटीतले सगळे लोक त्या दिवशी ठणठणीत निघाले. कुणाच्या छातीत कळ नाही, कुणी जिन्यावरून घसरेना. दुपारपर्यंत मी मनातल्या मनात नको नको ते इच्छू लागले आणि स्वतःचीच लाज वाटली. शेवटी नियम पुन्हा वाचला तर त्यात 'धावत्या वाहनात' असं लिहिलं होतं. 'रुग्णासह' असं कुठेही नव्हतं. मग त्या भल्या पोरांनी मला गाडीत बसवलं, डिझेल भरून आणलं, टायर बदलायला नेलं, तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. कार्यालयाच्या फॉर्मवर मी मिनिटामिनिटाची नोंद केली. तिथेच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली. कारण मी प्रामाणिकपणे 'कॉफी व केक: ३० मिनिटं' असंही लिहिलं, आणि कार्यालयानं तेवढा वेळ वजा केला.

तेवीस तास, तीस मिनिटं.

"केक लिहायचा कशाला?" माझा नवरा गेलन जेवताना म्हणाला.

"खाल्ला म्हणून."

गेलन कमी बोलतो. बावीस वर्षं रोज रात्रीच्या जेवणाला मी दिवसभरातला एखादा फोन त्याला नावं गाळून सांगते, आणि शेवटी तो एवढंच विचारतो, "मग? पुढे काय झालं?" आणि मी रोज तेच सांगते, "माहीत नाही." गाडी दारात आली की लोक फोन टाकून धावतात. नवरा वाचला का, बाळ रडलं का, मला कोण कळवणार? सुरुवातीची काही वर्षं मला त्याचा त्रास व्हायचा. मग सवय झाली. आता मी स्वयंपाकाच्या पुस्तकातलीसुद्धा शेवटची ओळ वाचत नाही, असं गेलनचं म्हणणं आहे.

अर्धा तास बाजूला ठेवून मी सीपीआरच्या मागे लागले. जवळचा वर्ग सत्तर मैलांवर. तो वादळामुळे रद्द झाला. पुढचा वर्ग एप्रिलात. ही बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या आर्डिसबाई लिंबाच्या पावाची लादी घेऊन दारात उभ्या. वय एक्क्याऐंशी, आणि गावात काय चाललंय हे आमच्या खोलीच्या आधी त्यांना कळतं.

"ऐकलं मी. तुला नोकरीवरून काढतायत म्हणे."

"काढत नाहीयेत आर्डिस. नूतनीकरण आहे."

"माझ्या भाच्यालाही असंच म्हणाले होते. आता वीतभर दुकानात मासे पकडायचे गळ विकतो. तू असं कर, ऑर्विलला गाठ."

ऑर्विल नुटसन म्हणजे अग्निशामक दलातले निवृत्त गृहस्थ, वय शहात्तर. त्यांच्याकडे सीपीआर शिकवायचा परवाना अजून शाबूत होता. मी फोन केला तर लगेच तयार झाले. चर्चच्या तळघरात, गुरुवारी तीस तारखेला सकाळी दहा वाजता. बायकांचा गोधड्या शिवायचा दिवस होता, पण एक कोपरा मिळाला असता.

"फक्त एक अडचण आहे," ऑर्विल म्हणाले. "बेव्हर्ली माझ्याजवळ नाहीये."

बेव्हर्ली म्हणजे सरावाचा रबरी पुतळा. कमरेपासून वरचाच, तोंड किंचित उघडं.

"कुठे आहे ती?"

"तळ्यावर. माझ्या खोपटीत."

आमच्याकडे हिवाळ्यात तळं गोठलं की जो तो बर्फावर आपली खोपटी नेऊन ठेवतो आणि आत शेगडी पेटवून भोकातून मासे धरत बसतो. गेल्या वर्षी ऑर्विलच्या खोपटीतून कुणीतरी शेगडी पळवली. तेव्हापासून ते बेव्हर्लीला टोपी घालून खिडकीशी बसवत, म्हणजे आत कुणीतरी आहे असं दिसावं. युक्ती लागू पडली होती. पण सगळ्या खोपट्या बर्फावरून हलवायची शेवटची तारीख वीस मार्च, ती उलटून गेलेली, आणि ऑर्विलचा गुडघा सुजलेला. त्यांनी कुणाला तरी सांगितलं होतं, तो कुणीतरी विसरला होता.

"खोपटी राहू दे," गेलन म्हणाला. "आपण पुतळा घेऊन येऊ."

सव्वीस तारखेला, रविवारी, चर्च सुटल्यावर आम्ही गेलो. बर्फ कडेला मऊ झाला होता म्हणून ट्रक किनाऱ्यावरच ठेवला. बेव्हर्ली दिसते त्यापेक्षा जड आहे. थोडा वेळ मी तिला काखेत धरली, मग गेलननं तिच्या काखांतून दोर ओवला आणि आम्ही तिला बर्फावरून ओढत निघालो. तिची टोपी वाटेत पडली. मी परत जाऊन उचलली आणि पुन्हा तिच्या डोक्यावर घातली, कारण ऑर्विलनी टोपी परत मागितली होती.

किनाऱ्यावर पोचतोय तोच शेरीफची गाडी दिवे लावून आली. त्यातून उतरलेला डेप्युटी मी लहानपणापासून पाहिलेला.

"हात वर करा– अरे, डार्ला?"

"काय झालं?"

"पलीकडच्या काठावरून ९११ला फोन आला होता. एक बाई आणि एक माणूस कुणाचं तरी अर्धं प्रेत ओढून नेतायत. मधेच थांबून बाईनं प्रेताला टोपी घातली."

"थंडी होती," गेलन म्हणाला.

"गप्प बस, गेलन."

डेप्युटीनं खांद्यावरच्या यंत्रातून कळवलं की प्रेत नाही, डार्ला आहे. पलीकडून कायलीचा आवाज, अगदी मी शिकवला तसा सरळ, बिनचढउताराचा: "समजलं. प्रेत नाही, डार्ला आहे. वेळ बारा वाजून सात मिनिटं." हे सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि सात वर्षं जपून ठेवतात, एवढंच सांगते. सोमवारी कामावर गेले तर माझ्या खुर्चीवर कुणीतरी एक छोटी लोकरीची टोपी ठेवली होती. मी ती शांतपणे खणात टाकली. इतका अपमान सोसल्यावर आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

तीस तारखेला रजा टाकून दहा वाजता मी तळघरात होते. एका बाजूला आठ बायका गोधडीच्या चौकटीभोवती, त्यांत आर्डिसबाई. दुसऱ्या बाजूला चटईवर बेव्हर्ली. मधल्या टेबलावर कॉफीचं मोठं भांडं आणि आर्डिसबाईंच्या खजुराच्या वड्या. ऑर्विल शिकवायला लागले. पण त्यांना कुठल्याही मुद्द्यावर सत्त्याण्णव सालच्या पुरापर्यंत जायची सवय. छाती किती दाबायची हे सांगता सांगता ते पुरात गेले, आणि पुरात एका हातानं वडी उचलून तोंडात टाकून बोलतच राहिले.

"–आणि होडीत मी, दोन डुकरं आणि पाद्रीबुवा, तर पाद्रीबुवा मला म्हणाले–"

पाद्रीबुवा काय म्हणाले ते कळलंच नाही. ऑर्विल थांबले. डोळे मोठे झाले. दोन्ही हात गळ्याकडे गेले.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझे कान अजून तापतात. मी त्यांच्यापासून तीन फुटांवर होते. याच प्रसंगाच्या प्रश्नाला दोन आठवड्यांपूर्वी पैकीच्या पैकी मिळवले होते. आयुष्यात अशा प्रसंगी निदान दीडशे लोकांना मी फोनवरून पार नेलं असेल. आणि मी काय केलं? मी पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि माझ्या कामावरच्या आवाजात म्हणाले:

"तुमच्या आणीबाणीचा पत्ता काय?"

ऑर्विल माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला बोलता येतंय का?"

त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"रुग्णाचं वय किती?"

"शहात्तर!" आर्डिसबाई किंचाळल्या. "अगं विचारतेस काय त्याला! तो निळा पडतोय!"

"घाबरू नका," मी म्हणाले. "मदत निघाली आहे."

मदत कुठूनही निघालेली नव्हती. मदत म्हणजे मीच होते, आणि मी खुर्चीत बसलेली होते. आर्डिसबाईंनी भिंतीवरच्या फोनवरून ९११ लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

"९११. तुमच्या आणीबाणीचा पत्ता काय?" कायलीचा आवाज.

"कायली! मी आहे, डार्ला! ऑर्विलच्या घशात वडी अडकलीय!"

"पत्ता सांगा, मॅडम."

"अगं चर्च! तळघर!"

"कोणतं चर्च, मॅडम?"

आमच्या गावात एकाच पंथाची तीन चर्चेस आहेत. शंभर वर्षांपूर्वी कशावरून तरी भांडण झालं. कशावरून ते आता कुणाला आठवत नाही, पण तिन्ही ठिकाणी रंग वेगवेगळा देतात.

"आमचं! जिथे माझं लग्न झालं ते!"

"मी तेव्हा जन्मले नव्हते, मॅडम. पत्ता."

बावीस वर्षं मी लोकांवर मनातल्या मनात चरफडत आले होते. 'जुनी गिरणी होती ना, तिथून डावीकडे', 'जिथे आगीत गोठा गेला त्याच्यासमोर', असले पत्ते देणारे लोक. घराचा नंबर माहीत नसतो, मेलेल्या कुत्र्याचं नाव माहीत असतं. आणि आता मला ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दोन पोरांची नावं ठेवणं झालं, त्याचा नंबर आठवेना.

"फोनच्या वर बघ!" आर्डिसबाई ओरडल्या. "तूच चिकटवलायस!"

खरंच, मीच चिकटवला होता. तीन वर्षांपूर्वी सगळ्या सार्वजनिक जागी फोनवर पत्त्याची पट्टी लावायची मोहीम मी काढली होती. मी पट्टी वाचली.

"गाडी निघाली," कायली म्हणाली. "आता मी सांगते तसं करा. त्यांच्या मागे उभ्या राहा–"

"मागे उभं राहायचं," मी म्हणाले, "कमरेभोवती हात, एका हाताची मूठ बेंबीच्या वर, दुसऱ्या हातानं ती धरायची, आत आणि वर जोरानं–"

"डार्ला!" दीड वर्षात पहिल्यांदाच कायलीचा आवाज चढला. "मला सांगू नका. करा!"

मी फोन गोधडीवर टाकला आणि धावले. ऑर्विल उंच आहेत, मी बुटकी. मूठ ठेवली, आवळली, आत आणि वर. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. फोनवर हे सोपं असतं, कारण तिथे माझ्या हातांना काही कामच नसतं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून सगळा जीव लावला आणि वडी सुटून थेट बेव्हर्लीच्या छातीवर जाऊन पडली.

ऑर्विलनी मोठ्यानं श्वास घेतला. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, समोर उभं राहून. मी रडायला लागले. आर्डिसबाई रडायला लागल्या. कुणीतरी कॉफी ओतली. गाडी आली, पोरांनी ऑर्विलना तपासलं, दवाखान्यात चला म्हणाले.

"थांबा," ऑर्विल घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हिची परीक्षा राहिलीय."

"ऑर्विल, आत्ता नको हो!"

"घशातला घास, पास. छाती दाबणं अजून झालेलं नाही. मी तपासल्याशिवाय सही करत नाही."

मग रुग्णवाहिकेच्या पोरांच्या आणि आठ बायकांच्या देखत मी चटईवर बसून बेव्हर्लीची छाती दोन मिनिटं दाबली. वडी आधी बाजूला काढली. ऑर्विलनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या कार्डावर सही केली आणि म्हणाले, "कोपर वाकवू नकोस."

एकतीस तारीख उजाडली. कार्ड होतं, परीक्षा झाली होती, अर्धा तास नव्हता. दुपारी मी नियमांची ती सोळा पानं पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली. हार मानायची नव्हती, पण डोळ्यांसमोर ते नारिंगी कार्ड येत होतं.

"कलम अकरा," शेजारून कायली म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "ध्वनिमुद्रित फोनचं मूल्यमापन. एका फोनला अर्धा तास. अट एकच: तो फोन तुम्ही घेतलेला नसावा."

"पण वेंडेलकडे तपासायला आलेत ते सगळे माझेच आहेत."

"कालचाही आलाय तपासायला. तो तुम्ही घेतलेला नाही." आता तिनं मान वर केली. "केलेला आहे."

वेंडेलनं चष्मा पुसला, कलम वाचलं, पुन्हा चष्मा पुसला. "नियमात बसतं," तो म्हणाला.

मी हेडफोन लावला आणि मूल्यमापनाचा फॉर्म पुढे घेतला. फोन घेणाऱ्यानं पत्ता आधी विचारला का? होय. ओळख निघाली तरी प्रश्नांचा क्रम पाळला का? होय. आवाज शांत ठेवला का? एकदा चढला, आवश्यक होता. पूर्ण गुण. मग दुसरी बाजू. फोन करणाऱ्या व्यक्तीला पत्ता माहीत होता का? नाही. फोन करणाऱ्या व्यक्तीची मनःस्थिती, एक ते पाच. एक म्हणजे शांत व सहकार्य करणारी, पाच म्हणजे पूर्णपणे हाताबाहेर गेलेली. मी पाचाला गोल केला. पेन दोनदा थांबलं, पण मी केला.

मला वाटलं होतं, फोन तिथेच संपत असेल. पण मी तो गोधडीवर टाकला होता, ठेवला नव्हता. माझा धावण्याचा आवाज, धडपड, मग लांबून ऑर्विलचा श्वास, पण तो इतका पुसट की माहीत असल्याशिवाय ओळखू येऊ नये. मग रडणं. कॉफीच्या कपांचे आवाज. आणि त्या सगळ्याच्या पुढे, अगदी माझ्या कानात, कायली.

"डार्ला? ते श्वास घेतायत का?"

बायकांचे आवाज.

"कुणी ऐकतंय का? कुणीतरी मला सांगा. ते श्वास घेतायत का?"

आर्डिसबाई कुणाला तरी विचारतायत, साखर किती.

"डार्ला, प्लीज."

हे साडेतीन मिनिटं चाललं. मग कुणाचा तरी हात रिसीव्हरवर पडला आणि फोन बंद झाला. आम्ही तिला कळवलं नाही. नंतर गाडीकडून तिला अहवाल आला असेल, 'रुग्ण स्थिर', एवढाच. मी घरी जाऊन गेलनला सगळी हकिगत रंगवून सांगितली होती. त्यानं 'मग पुढे काय झालं' असं विचारलं नाही, कारण या वेळी मीच आपणहून सांगितलं होतं. पण ज्या पोरीनं मला खुर्चीतून उठवलं, तिच्यापर्यंत जायचं मला सुचलं नव्हतं. फोन टाकून धावणाऱ्या ज्या लोकांचा मी मनातून राग करत आले, त्यांच्यातलीच एक निघाले.

फॉर्मच्या शेवटी 'सुधारणेच्या सूचना' अशी चौकट होती. तिथे मी लिहिलं: फोन घेणाऱ्यासाठी काही नाही. फोन करणाऱ्या व्यक्तीनं शेवट कळवायला हवा होता. सही केली. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी वेंडेलनं सगळे कागद पाठवले आणि पाचला दहा कमी असताना पोच आली. चोवीस तास, शून्य मिनिटं.

मी हेडफोन काढला आणि खुर्ची कायलीकडे वळवली. ती एका फोनचा अहवाल टाइप करत होती.

"कायली."

"हं?"

"ऑर्विल श्वास घेतायत."

तिची बोटं थांबली. "माहीत आहे मला. काल रुग्णवाहिकेतून कळवलं ना त्यांनी."

"तरी," मी म्हणाले. "मी सांगायची राहिले होते. वडी सुटली आणि बेव्हर्लीच्या छातीवर जाऊन पडली. ऑर्विलनी श्वास घेतला, खूप मोठा. मग मला म्हणाले, कोपर वाकवू नकोस."

कायली हसली आणि लगेच पाठ फिरवून नाक पुसायला लागली. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी उशी नीट केली आणि हेडफोन लावला.

"९११. तुमच्या आणीबाणीचा पत्ता काय?"

"अहो, ती जुनी गिरणी होती ना," पलीकडून एक बाई रडत म्हणाली, "तिथून डावीकडे..."

"कळलं," मी म्हणाले. "मला माहीत आहे ती जागा. आता फोनच्या आसपास नंबर कुठे लिहिलाय का बघा, सावकाश. मी आहे इथे."